संत्री आणि शेवंतीचं तैलचित्र: या चुका टाळा

डिसेंबरात नागपुरात आंबिया बहाराची संत्री भरपूर असतात, सीताबर्डीच्या फूलबाजारात शेवंतीही मिळते. स्थिरचित्र मांडायला याहून चांगले दिवस नाहीत. पण बरेच जण सोपी म्हणून आधी संत्री रंगवतात आणि तोवर शेवंती मान टाकते. फुलं पहिल्याच बैठकीत घ्या. पाकळ्या मोजू नका. आधी फुलाचा गोळा, त्याची उजेडाची नि सावलीची बाजू, मग कडेच्या चार-पाच पाकळ्या. संत्री आठवडाभर कुठे जात नाहीत.

संत्र्याचा जीव जातो तो सावलीत. नारिंगीत काळा मिसळला की रंग मळतो. त्याऐवजी बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग आणि किंचित अल्ट्रामरीन निळा घाला. सावली खोल होते, तरी संत्रं संत्रंच राहतं. आता फळाच्या तळाशी नीट बघा. पांढऱ्या कापडावरचा उजेड उलटून सालीवर चढलेला असतो, सावलीच्या आतच एक उबदार पट्टा दिसतो. तो दिसेपर्यंत माझी सगळी संत्री कापडावर चिकटवल्यासारखी वाटायची. शिवाय आपलं संत्रं चेंडूसारखं गोल नसतं: साल सैल, देठाशी बरेचदा थोडी वर उचललेली, खाली चपटं. खिडकीच्या उजेडात त्याची चमकही निव्वळ पांढरी नसते, तिच्यात आभाळाचा निळा असतो.

चित्राला तडे गेले, तर आधी थरांचा क्रम तपासा. खालचा थर टर्पेंटाइनने पातळ, वरच्या थरात जवसाचं तेल जास्त. उलटं केलं की वरचा थर आधी कडक होतो आणि खालचा अजून हलत असतो. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही, तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. म्हणून मे महिन्यात चित्र गच्चीवर तापवू नका, वर नुसती साय धरते. स्वयंपाकघरातलं जवसाचं तेलही नको, रंगसाहित्याच्या दुकानातलं रिफाइंड घ्या.

तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकणं ही तर धोक्याची चूक. वाळताना तेल उष्णता सोडतं, ती ढिगात कोंडते आणि फडकं आपोआप पेटू शकतं. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, पाण्यात बुडवून ठेवा.

रंगवायला उत्तरेची खिडकी हिवाळ्यात उत्तम, थेट ऊन येत नाही. जूनमध्ये मात्र नागपूरचा सूर्य उत्तरेकडे सरकतो, तेव्हा पडदा लावा.

वॉर्निश सहा महिने तरी नको. तोवर कपाटात ठेवलेलं चित्र पिवळसर पडलं, तर पुन्हा रंगवायला घेऊ नका. काही आठवडे उजेडाच्या खोलीत, थेट ऊन टाळून लावा. तो पिवळेपणा बराचसा उतरतो.