अर्धशिशी कशी आटोक्यात आली, माझा अनुभव
कापूस वेचता वेचता ऊन डोक्यावर आलं का उजव्या कानशिलात ठणका सुरू, मग उलट्या, उजेड सहन होत नव्हता. यवतमाळच्या न्यूरॉलॉजिस्टनं (मेंदू अन् नसांचा डॉक्टर) सांगितलं का साधी पेनकिलर महिन्यात 15 दिवस किंवा जास्त, अशी महिनोन्महिने घेतली तर गोळीनंच डोकं दुखते. मले दुखणं उठूच नये म्हणून रोजची प्रोप्रॅनोलॉल गोळी दिली (दमा असंल तर डॉक्टरले आधी सांगाच, त्यात ही चालत नाही) अन् कधी दुखलं, काय खाल्लं, झोप किती झाली हे कॅलेंडरवर लिहाले लावलं, खरा फरक त्यानंच पडला. उपवासाचा दिवस अन् उन्हात बिनापाण्याचं काम, दुखणं तिथंच सापडलं! आता न्याहारी केल्याशिवाय वावरात जात नाही, डोक्याले दुपट्टा, संग पाण्याची कॅन. दुखते अजून कधीमधी, पण वेचणी सुटत नाही.