डोळ्यांची तपासणी कोणत्या वयात आणि कशी करून घ्यावी

दिसण्यात काही अडचण नसली तरी डोळे तपासून घ्यावेत, कारण काचबिंदू, म्हणजे बहुतेकदा डोळ्यातील दाब वाढून नजरेची नस खराब करणारा आजार, बहुधा दुखत-खुपत नाही आणि त्यात गेलेली नजर परत येत नाही.

मुलाची एक तपासणी शाळेत घालण्यापूर्वीच करावी. एक डोळा कमजोर असला तरी मूल दुसऱ्या डोळ्यावर निभावून नेते आणि घरच्यांना पत्ताही लागत नाही. असा आळशी डोळा वयाच्या सात-आठ वर्षांच्या आत सापडल्यास उपचाराचा गुण चांगला येतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत किंवा शाळेत येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये, कापूस वेचायला तर नाहीच.

चाळिशीनंतर तुरीच्या डाळीतले खडे दिसेनासे झाले की आठवडी बाजारातला तयार चष्मा घेतला जातो. त्याने काम भागते, परंतु डोळ्यातील दाब आणि मागचा पडदा तपासायचा राहूनच जातो. म्हणून या वयापासून दर दोन वर्षांनी, आणि मधुमेह असल्यास दरवर्षी, उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात संपूर्ण तपासणी करून घ्यावी. वर्धा जिल्ह्यातील लोकांना सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालयही जवळ आहे.

जाताना जुना चष्मा, चालू औषधे आणि साखरेचा ताजा अहवाल सोबत घ्यावा. पडदा पाहण्यासाठी डोळ्याची बाहुली मोठी करणारे थेंब घालतात. त्यानंतर काही तास जवळचे अंधुक दिसते आणि विदर्भातले ऊन तर सहनच होत नाही, त्यामुळे दुचाकी स्वतः चालवू नये व डोक्याला दुपट्टा असू द्यावा.