नाव बदललेली पॅकेज फाइल हॅशवरून ओळखा

डाउनलोड फोल्डरमध्ये 'सेटअप', 'सेटअप १', 'नवीन फायनल' अशा पॅकेज (सॉफ्टवेअर बसवायच्या) फायली साचतात आणि कुठली कोणत्या आवृत्तीची, ते काही कळत नाही. उघडून बघायची गरज नाही. नाव कितीही बदला, आतला मजकूर तोच असेल तर हॅश, म्हणजे त्या मजकुरावरून काढलेली ओळखीची अक्षरं-आकडे, तोच राहतो.

१. फाइलचा एसएचए-२५६ (हॅश काढायची एक पद्धत) हॅश काढा. विंडोजवर पॉवरशेलमध्ये (आज्ञा टाइप करायची खिडकी) 'गेट-फाइलहॅश', लिनक्सवर 'एसएचए२५६सम' ही आज्ञा, पुढे फाइलचं नाव.

२. आलेली ६४ अक्षरं कॉपी करून निर्मात्याच्या संकेतस्थळावरच्या चेकसम यादीत (फाइलनावं आणि त्यांचे हॅश) शोधा. सापडली की त्याच ओळीत खरं फाइलनाव असतं आणि नावात बहुधा आवृत्तीही. डोळ्यांनी जुळवत बसू नका. पहिली-शेवटची चार अक्षरं पाहून 'जुळलं' म्हणण्याचा मोह मलाही होतो. पॉवरशेल मोठ्या लिपीत अक्षरं दाखवतं, याद्यांत बहुधा लहान असतात. त्यानं फरक पडत नाही.

दोन फायलींचा हॅश एकच आला, तर एक खुशाल उडवा.

मात्र यादी निर्मात्याकडचीच घ्या. फाइल दुसरीकडून आली आणि तिथलीच यादी वापरली, तर फाइल बदलणारा यादीही बदलू शकतो.