लायटाखालचा चेहरा: पहिल्या बॉलरूम स्पर्धेला जाणाऱ्या मुलींसाठी

बॉलरूम म्हणजे जोडीने नाचायचे पाश्चात्य नाच, आणि लॅटिन हा त्यातला पाच नाचांचा गट. माझी पहिली लॅटिन स्पर्धा पुण्यात झाली तेव्हा मी 19 वर्षांची होते. आई भुसावळहून रात्रीच्या गाडीने आली आणि स्टेशनवरून थेट एका पार्लरमध्ये घेऊन गेली. तिथे मला नवरीचा मेकअप झाला. चेहरा दोन शेड उजळला. रुंबा हा त्या पाचांतला एक नाच, त्यात हात चेहऱ्याजवळून उघडत बाहेर जातात. माझे हात सावळे आणि चेहरा पिठासारखा. नंतर फोटो पाहिला तर डोळे नाहीत, भुवया नाहीत, नुसता पांढरा गोळा. पहिल्याच फेरीत आम्ही बाहेर पडलो. ते मेकअपमुळे नव्हे, ताल सुटला म्हणून. पण माझ्या मनात राहिलं ते हे, की ती सगळी मिनिटं मी दुसऱ्याच कुणा मुलीचा चेहरा सांभाळत नाचत होते.

आता मी जळगावात शिकवते. मुलींना दर वेळी तोंडी सांगते ते इथे एकदा लिहून ठेवते.

आधी अंतर समजून घे

परीक्षक फ्लोअरच्या कडेला उभे असतात. एक नाच दीड ते दोन मिनिटं चालतो आणि फायनलमध्येसुद्धा सहसा सहा जोड्या एकदम नाचतात, आधीच्या फेऱ्यांत तर आणखी जास्त. म्हणजे तुझ्या वाट्याला एका परीक्षकाची काही सेकंदांचीच नजर येते. फायनलच्या आधी तो पहिला-दुसरा असा नंबरही लावत नाही, कोणाला पुढे बोलवायचं एवढ्याच खुणा करतो. त्या नजरेला तुझे डोळे, मान आणि पाय लांबून वाचता आले पाहिजेत. मेकअपचं काम तेवढंच.

हे मला अमळनेरकडच्या आजीने शिकवलं, तिला बॉलरूम हा शब्द माहीत नसताना. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी तिच्याकडे कानबाई, म्हणजे आमची खानदेशातली देवी, बसायची. नारळाला डोळे, नथ, साडी, दागिने, सगळं आजी करायची. डोळे एवढे मोठे का, असं मी विचारलं तर म्हणाली, "दारम्हा उभी शे ती बाईलेबी डोया दिसाले जोयजेत." कानबाईला गोरं करायचं मात्र तिच्या कधी डोक्यातही आलं नाही.

रंग

फाउंडेशन गालावर लावून बघू नकोस, दंडावर लावून बघ. स्पर्धेत दिसणारं सगळ्यात मोठं कातडं हाताचं आणि पाठीचं असतं, चेहरा त्याला जुळला पाहिजे. पार्लरमधल्या ताईला आधीच सांग: नवरीचा मेकअप नको, उजळ शेड नको. ती दोनदा विचारेल. दोन्ही वेळा तेच उत्तर दे.

परदेशातल्या लॅटिन नर्तकी अंगाला तपकिरी रंग लावतात, ते पाहून माझ्या मुली विचारतात, ताई, आपणही लावायचा का? तो बनावट टॅन असतो. त्यातलं डीएचए नावाचं द्रव्य कातडीच्या वरच्या थराशी मिळून काही तासांत गडद होतं आणि साधारण आठवड्यात निघून जातं. त्यामागची गोष्ट समजून घे. रुंबा आणि चाचाचा क्युबाचे, सांबा ब्राझीलचा, जाइव्हचं मूळ अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या नाचात. त्यांना स्पर्धेचे नियम बसवले ते मुख्यतः इंग्लंडमध्ये, आणि पुढे गोऱ्या नर्तकांनी 'लॅटिन' दिसण्यासाठी अंग रंगवायला सुरुवात केली. यावर तिथेही टीका होते आणि ती मला रास्त वाटते. दुसऱ्याचा वर्ण हा पोशाख नव्हे. आणि आपल्याकडे? 'फेअर अँड लव्हली' 1975 मध्ये आली, तिच्या नावातला 'फेअर' जायला 2020 उजाडलं. एकीकडे सावळ्या मुलीने उजळ व्हायचं, दुसरीकडे गोरीने तपकिरी. तू दोन्ही करू नकोस. तुझा रंग लायटाखाली सुंदर दिसतो. त्यावर कॉलरबोनला आणि नडगीच्या मधल्या रेषेवर थोडी चमक लाव, पुरे.

डोळे मात्र मोठे कर. वरच्या पापणीच्या घडीच्या थोडं वर गडद तपकिरी रेघ, बाहेरच्या टोकाला उचललेली, मग खोट्या पापण्या. डिंक लावल्यावर अर्धा मिनिट थांब, चिकट झाल्यावरच पापणी बसव, नाहीतर घामाने कोपरा सुटतो. भुवया नेहमीपेक्षा ठळक. मग मैत्रिणीला पंधरा पावलं लांब उभी करून झूम न करता फोटो काढायला सांग. फोटोत डोळे दिसले नाहीत तर अजून लाव. आरशात भडक वाटेल, आरशाचं ऐकू नकोस.

केसांना त्या आठवड्यात तेल नाही. तेलकट केसांवर जेल धरत नाही, आणि जाळी-यू पिना असूनही अंबाडा चौथ्या नाचाला हलतो.

ड्रेस

पहिला ड्रेस विकत घेऊ नकोस. नवरात्रात चनियाचोळी शिवणारी कुठलीही चांगली शिवणारी बाई तो शिवू शकते, तिला फक्त कापड समजावून द्यावं लागतं. चारी बाजूंनी ताणलं जाणारं लायक्रा घे. आम्ही सुरतेहून आणतो, नंदुरबारवरून जाणाऱ्या गाडीने एका दिवसात जाऊन येणं होतं. शिलाई झिगझॅग हवी, सुई गोल टोकाची. साध्या शिलाईचा दोरा पहिल्या लंजलाच, म्हणजे लांब खोल पावलालाच, तुटतो. लॅटिन ड्रेस आतून बॉडीसूटवर उभा असतो, हे घरी आधी दाखव. वडिलांना वाटतं त्यापेक्षा तो बराच झाकलेला असतो.

ड्रेसच्या उघड्या दिसणाऱ्या भागांना लावायची अंगाच्या रंगाची जाळी म्हणून दुकानदार जी देतो ती गोऱ्या अंगाची असते. नायलॉनची जाळी असेल तर कडक कोऱ्या चहात भिजव. पाच मिनिटांनी बाहेर काढ, वाळल्यावर दंडाशी लावून बघ, कमी वाटलं तर पुन्हा. माझ्या वर्गात तिघींचे तीन वेगळे चहा होतात. सँडलचं सॅटिनही असंच पायाच्या रंगाला आण, त्यावर स्पंजने फाउंडेशन लाव. पाय जिथे संपतो तिथे रंग तुटला नाही की पाय लांब दिसतो.

खडे ग्रोसवर मिळतात, एक ग्रोस म्हणजे 144. पहिल्या ड्रेसला दहा ग्रोस खूप झाले. ड्रेस अंगावर किंवा पुतळ्यावर ताणलेला असतानाच चिकटव. सपाट टेबलावर चिकटवलेले खडे श्वास घेतला की उडतात. गळा आणि कंबरेच्या रेषेवर दाट, खाली विरळ.

बुटांचा तळ स्वेडचा असतो. तो घालून हॉलबाहेर एक पाऊलही नाही. तारेच्या ब्रशने घासत राहा. आपल्याकडे सराव गुळगुळीत फरशीवर होतो आणि स्पर्धा लाकडावर, म्हणून आदल्या दिवशी पोचून फ्लोअरवर चालून बघ.

मे महिन्यात सराव असेल तर एकदा पूर्ण मेकअप आणि ड्रेसमध्ये पाचही नाच सलग कर: सांबा, चाचाचा, रुंबा, पासो डोब्ले, जाइव्ह. जळगावच्या 44 डिग्रीत टिकलेला मेकअप एसी हॉलमध्ये टिकतोच.

"नाजूक दिस" म्हणजे काय

मुली येतात त्या कंबर हलवत येतात, कारण टीव्हीवर तसं दिसतं. 'झलक दिखला जा' 2006 मध्ये सुरू झालं, तेव्हापासून घरोघरी हे पाहिलंय. पण रुंबातली कंबर कंबरेने हलत नाही. वजन सरळ केलेल्या पायावर पूर्ण गेलं की नितंब आपोआप बाजूला बसतो. पाऊल, गुडघा, मग नितंब, हा क्रम. मोजायला 2, 3, 4-1, म्हणजे चौथ्या ठोक्याचं पाऊल पुढच्या एकपर्यंत धरायचं. वेग मिनिटाला 25 ते 27 बार (एक बार म्हणजे चार ठोके), म्हणजे घाई करायला कारणच नाही. भिंतीला हात टेकून रोज दहा मिनिटं नुसतं वजन बदल. दोन महिन्यांनी तुझी कंबर कुणी शिकवल्याशिवाय बोलायला लागेल.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. ज्याला 'बायकी डौल' म्हणतात तो घोट्यात आणि गुडघ्यात असतो, आणि तो शिकता येतो. आपल्या मराठी रंगभूमीला हे जुनं ठाऊक आहे. बालगंधर्व स्त्री-भूमिका करायचे आणि प्रतिष्ठित घरच्या बायका त्यांच्यासारखी साडी नेसायच्या, दागिने घालायच्या. इंग्रजीतला 'ग्लॅमर' शब्दही स्कॉटलंडमध्ये 'ग्रामर'पासूनच झाला, अर्थ मंत्र, मोहिनी. व्याकरण आलं की मोहिनी पडते, असं मी मुलींना सांगते, आणि मग पुन्हा भिंतीला उभं करते.

तुला लाजरं, डोळे मिचकावणारं नाचायचं नसेल तर नाचू नकोस. पासो डोब्लेत ताठ मान, बंद ओठ चालतात. रुंबात हसलंच पाहिजे असा नियम नाही. माझ्याकडे मुलं कमी येतात, म्हणून अर्ध्या मुली लीड करायला, म्हणजे जोडीला दिशा द्यायला, शिकतात, आणि लीड शिकलेल्या मुलीचं फॉलो करणंही सुधारतं. अमेरिकेतल्या नॅशनल डान्स कौन्सिलने 2019 मध्ये जोडीची व्याख्याच लीडर आणि फॉलोअर अशी केली, मुलगा-मुलगी हे काढून. तुझ्या स्पर्धेचा नियम मात्र आयोजकांना फोन करून विचार. जो लीड करतो त्याच्या पाठीवर नंबर लागतो, चार सेफ्टी पिना जवळ ठेव.

आयांनो, एक तुमच्यासाठी. जागतिक डान्सस्पोर्ट फेडरेशनच्या नियमांत सगळ्यात लहान गटातल्या मुलींना मेकअप चालत नाही आणि टाचही साडेतीन सेंटिमीटरच्या वर चालत नाही. आठ वर्षांच्या मुलीला खोट्या पापण्या लावून आणू नका. मी तिला तोंड धुवायला पाठवते.

घरी परतताना

हॉलमध्येच चेहरा उतरव. आधी पापण्या, मग खोबरेल, मग साबण. डिंक ओढून काढलास तर स्वतःच्या पापण्या जातील. ड्रेस घामट असेल तर प्लास्टिकमध्ये कोंबू नकोस, सुती पंच्यात गुंडाळ आणि घरी गार पाण्यात हाताने धू, पिळू नकोस. चहाचा रंग दोन-तीन धुण्यांनंतर फिका होतो, पुन्हा भिजवावा लागतो. मागच्या वेळी आम्ही पहाटे तीनला भुसावळला उतरलो. एकीचा अंबाडा तसाच होता, कपाळावर चार खडे चिकटलेले. रिक्षावाल्या काकांनी विचारलं, "काय वं, लगीन शे का तुनं?" ती म्हणाली, "नाही काका, सेमीफायनल व्हती."