हे प्रोबेशन नोकरीतलं नव्हे

जळगाव-धुळ्याकडून कॅलिफोर्नियात नवीन आलेल्या पोरांनो, बँक खातं आणि भाड्याचं घर कसं मिळवायचं हे सांगणारे पुष्कळ भेटतील. मी अवघड जागेचं दुखणं घेतो.

गेल्या थंडीत पाचोऱ्याकडचा एक पोरगा माझ्याकडे भरीत-पुरी खायला आला. बसथांब्यापासून चालत. दारू पिऊन गाडी चालवल्याची केस, लायसन्स निलंबित, वर तीन वर्षांचं प्रोबेशन. घरी फोनवर ‘प्रोबेशन चालू आहे’ एवढंच बोलला होता. आईनं नोकरी कायम होणार म्हणून गल्लीत पेढे वाटले. हसू नका, त्यालाही अर्थ तेवढाच कळला होता. दोन महिन्यांनी ‘काही व्हत नही’ म्हणत दूध आणायला त्यानं गाडी काढली आणि मागे लाल-निळे दिवे लागले.

इथलं प्रोबेशन म्हणजे खुंटीला टांगलेली शिक्षा: कोर्टाच्या अटी पाळल्या तर तिथेच राहते, मोडल्या तर अंगावर येते. पहिल्या केसला सहसा ३ ते ५ वर्षं. आपल्याकडे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम दारूची मर्यादा, इथे ८०; म्हणून पोरं सैल सुटतात. पण या प्रोबेशनवर असलेल्या माणसाला १० मिलिग्रॅमही महागात पडतं, लायसन्स जातं. पोलिसानं चाचणी मागितली तर नकाराची सोय नाही.

साधी वेगाची पावती वेगळी. निलंबित लायसन्सवर गाडी चालवणं फौजदारी गुन्हा आहे. दुधापायी फायली दोन झाल्या: नवी केस, आणि जुन्या केसमध्ये प्रोबेशन मोडल्याची. या दुसरीत ज्युरी नाही, संशयातीत पुरावाही लागत नाही. गुन्हा झाला असण्याची शक्यता जास्त वाटली की न्यायाधीशांना पुरे. ते अटी वाढवतील, नाहीतर प्रोबेशन रद्द करून आत टाकतील. नवा गुन्हा पुन्हा दारूचाच असला, तर १० वर्षांतला दुसरा म्हणून त्याची शिक्षाही वाढते.

म्हणून आपल्याकडे पावती फाडून मोकळे होतात तसं पटकन गुन्हा कबूल करू नका. ती कबुली जुन्या फायलीतही तुमच्याविरुद्ध जाते. वकील परवडत नसेल तर कोर्ट पब्लिक डिफेंडर देतं. पोरगा त्याला ‘सरकारी वकील’ समजून तोंडच उघडेना! आपला सरकारी वकील आरोपीविरुद्ध उभा राहतो, हा तुमच्या बाजूचा. जुनी केस आणि व्हिसाचा प्रकार त्याला पहिल्याच भेटीत सांगा. कबुलीमुळे देश सोडावा लागेल का, हे सांगणं त्याचं काम आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा तसा निकाल आहे. नुसत्या अटकेवरूनही व्हिसा रद्द होऊ शकतो. तेवढ्यानं इथलं राहणं बेकायदा ठरत नाही, पण अखाजीला गावी गेलात की परतायला नवा व्हिसा लागतो, आणि फॉर्मवर अटकेचा प्रश्न असतोच.

त्याचं प्रोबेशन पाच वर्षांवर गेलं, काही दिवस आतही काढले.

आणि हो, तारखेला स्वतः गाडी चालवत कोर्टात जाऊ नका. तो निघालाच होता. किल्ली मी हातातून काढून घेतली.