चिमणी सर्व्हिसवाल्यांनो, तुमची दिवाळी घट बसायच्या आधीच सुरू होते

"दादा, परवापासून फराळाला बसायचंय, उद्या येऊन तेवढी चिमणी साफ करून द्या ना." हा फोन दरवर्षी वसुबारसेच्या आठवडाभर आधी यायला लागतो आणि मग दिवसाला इतके येतात की पोरं फोन उचलायचेच बंद होतात. ठाण्यात आणि नवी मुंबईत मिळून किचन चिमणीचं काम मी बरीच वर्षं करतोय, सुरुवात एकट्याने स्कूटरवर केली, आता दोन-दोन पोरांच्या दोन जोड्या आहेत. पहिले काही सीझन मी मूर्खासारखे घालवले. आलेला प्रत्येक कॉल घ्यायचा, रात्री दहाला कासारवडवलीत, सकाळी आठला खारघरला, आणि दिवाळी झाल्यावर हिशोब केला की पैसे कमीच. नंतर कळलं की पैसा खाते ती परत फेरी. "काल करून गेलात, आज आवाज येतोय" असा एक फोन घोडबंदर रोडवरून आला की दोन नवी कामं गेली समजा, वर पेट्रोल आपलं. म्हणून खाली जे लिहिलंय ते सगळं त्या एका फेरीला टाळण्यासाठीच आहे.

आधी कॅलेंडर घ्या, भिंतीवरचं, तिथीवालं. दिवाळी ऑक्टोबरमध्ये असते असं डोक्यात धरून चालू नका. २०२३ ला अधिक श्रावण आला होता तर लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं, २०२५ ला २१ ऑक्टोबरला, आणि २०२६ ला अधिक ज्येष्ठामुळे ८ नोव्हेंबरला. म्हणजे तीन-तीन आठवड्यांचा फरक पडतो, मागच्या वर्षीच्या तारखा बघून माल भरला तर फसाल. पण घटस्थापना ते लक्ष्मीपूजन हे अंतर दरवेळी साधारण महिन्याचंच असतं. घट बसायच्या आधी बायका घर धुवून काढतात, गोधड्या-पडदे सगळं निघतं, तेव्हा पहिली लाट येते, ती पितृपक्षाच्या शेवटच्या आठवड्यात. दुसरी दसऱ्यानंतर, सगळ्यात मोठी. आणि तिसरी कोणी मोजत नाही, ती भाऊबीजेनंतर येते, चकल्या-शंकरपाळे तळून झाले की "तेल टपकतंय हो शेगडीवर" म्हणून.

आता गणित करा. नीट डीप क्लीन करायचं तर एका चिमणीला दीड ते दोन तास जातात. ट्रॅफिक, गेटवरची एंट्री, लिफ्टची लाईन धरून एका जोडीने दिवसाला ४ कामं केली तर खूप झाली. २५ दिवस धरले तर १०० कामं, बस. त्यातली निम्मी जुन्या गिऱ्हाइकांना द्या आणि ती पितृपक्षातच संपवा. पितृपक्षात लोक नवीन वस्तू घेत नाहीत, पण साफसफाईला कोणी नाही म्हणत नाही. शिवाय तेव्हा रस्ते जरा बरे असतात.

जुन्या गिऱ्हाइकांना मेसेज अनंत चतुर्दशी झाली की दुसऱ्या दिवशी टाका, त्याआधी कोणी वाचत नाही, सगळे गणपतीत. व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट लिस्ट वापरत असाल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा, एका लिस्टमध्ये २५६ च जण बसतात, आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. मी दोन वर्षं मेसेज टाकत होतो आणि म्हणत होतो लोक उत्तर का देत नाहीत, अर्ध्यांना गेलाच नव्हता. आता काम झालं की पोरगा तिथेच उभ्या उभ्या सांगतो, "काकू, नंबर सेव्ह करा, चिमणीवाला म्हणून." मेसेज छोटा ठेवा. आमचा असा असतो: "नमस्कार, मागच्या वर्षी तुमची चिमणी आम्ही साफ केली होती. घोडबंदर साईडला सोमवार-गुरुवार येतोय. नवरात्रीआधी हवं असेल तर वार सांगा." वार आपण ठरवायचा, त्यांनी त्यातला निवडायचा. ऐरोली-घणसोली-कोपरखैरणे एक दिवस, वाशी-नेरुळ-सीवूड्स एक दिवस, नौपाडा-पाचपाखाडी-वर्तकनगर एक दिवस. माजिवड्याच्या पुढे संध्याकाळी पाचनंतर काम घेऊच नका. आणि एकाच दिवसात ठाणे आणि खारघर जोडायचा मोह आवरा, नकाशात जवळ दिसतं ते.

सोसायटीचे टायमिंग विचारून ठेवा. बऱ्याच ठिकाणी दुपारी दोन ते चार आवाजाचं काम चालत नाही, काही टॉवरमध्ये सामान घेऊन सर्व्हिस लिफ्टनेच जावं लागतं, गेटवर अ‍ॅपवर अप्रूव्हल लागतं आणि मॅडम नेमक्या मीटिंगमध्ये असतात. निघताना फोन करा, पोचल्यावर नाही.

पोरांचं बोला आता. ज्याचं गाव कोकणात आहे तो गणपतीला जाणारच, त्याला अडवू नका, तो दिवाळीला ठाण्यातच असतो. जो बिहारचा आहे तो छठला जातो, दिवाळीनंतर सहाव्या दिवशी छठ, म्हणजे तिकीट दिवाळीच्या आसपासचं काढलेलं असतं. ऑगस्टमध्येच विचारून घ्या कोण कधी जातोय. नवीन पोरगा घ्यायचा असेल तर तोही ऑगस्टमध्येच, सीझनमध्ये शिकवायला वेळ नसतो आणि तो गिऱ्हाइकाच्या हॉबवर, म्हणजे ओट्यात बसवलेल्या शेगडीवर, शिकतो. आमच्याकडे एका नव्या पोराने बॅफल फिल्टर (पट्ट्यांची जड जाळी) काढताना हातातून सोडला, खाली काचेचा चार बर्नरचा हॉब. टफन काच फुटली की साबुदाण्यासारखी सगळीकडे पसरते, ती ओट्याच्या फटीतून वेचायला एक तास आणि भरपाई वेगळी. तेव्हापासून बॅगेत एक जुनी गोधडी असते. काही करायच्या आधी गॅसचा कॉक बंद, चिमणीचा नुसता स्विच बंद करून भागत नाही, एमसीबी (वीज तोडणारा खटका) खाली, शेगडीवर गोधडी चौपदरी, त्यावर प्लास्टिक. मग स्क्रू ड्रायव्हरला हात. ओट्यावर उभं राहायचं नाही, हॉबसाठी ग्रॅनाईट कापलेला असतो तिथे पट्टी बारीक राहते, ती तडकते. फोल्डिंगची तीन पायरीची शिडी घ्या.

आणि खोलायच्या आधी व्हिडिओ काढा. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे म्हणून जरा लांब सांगतो. चिमणी चालू करून तिन्ही स्पीडवर आवाज रेकॉर्ड करायचा, दोन्ही लाईट, टच पॅनलचं प्रत्येक बटण, काचेच्या कडा, सगळं गिऱ्हाइकासमोर. एक वर्तमानपत्राचा कागद जाळीखाली धरा, चिकटून राहतो का बघा, काम झाल्यावर पुन्हा तोच कागद धरा. हे बघून माणूस खूश होतो, पण खरा फायदा तुमचा आहे. पावसाळाभर दमट हवेत पीसीबीला (आतल्या सर्किट बोर्डाला) गंज धरलेला असतो, कधी आत पाल जाऊन मेलेली असते, बटण आधीच अर्धमेलं असतं आणि तुम्ही हात लावल्यावर पूर्ण मरतं. मग "तुम्ही यायच्या आधी चालत होतं" हे वाक्य ऐकायला लागतं. व्हिडिओ असला की आवाज चढत नाही, दोघांचाही. वॉरंटी चालू आहे का तेही आधीच विचारा, असेल तर मोटरचा भाग खोलू नका, त्यांना कंपनीला फोन करायला सांगा. एक काम जाईल, जाऊ दे.

केमिकलबद्दल. कॉस्टिक सोडा स्वस्त आहे, जळालेलं तेल सोडवतो, सगळे वापरतात. पण अ‍ॅल्युमिनियमला तो लावायचा नाही. जुन्या चिमण्यांत पातळ जाळीचे फिल्टर असतात ते बहुतेक अ‍ॅल्युमिनियमचे, कॉस्टिकमध्ये टाकले की फसफसायला लागतात, पाणी गरम होतं आणि जाळी काळी पडून झिजते. ते बुडबुडे हायड्रोजनचे असतात, पेट घेणारा गॅस, आणि ते आपण बंद बाथरूममध्ये करतो! ओळखायचं कसं, तर लोहचुंबकावर भरवसा ठेवू नका, स्टीलच्याही कितीतरी जाळ्यांना तो चिकटत नाही. वजन बघा, हाताला हलकी आणि सहज वाकणारी जाळी असेल तर गरम पाणी आणि भांड्याचं लिक्विड, हळू ब्रश, जरा वेळ जास्त लागू दे. मोटरची बॉडी, ब्लोअरच्या (हवा खेचणाऱ्या पंख्याच्या) भोवतीचं घर, डक्ट (धूर बाहेर नेणारा पाईप) हेही कित्येकदा अ‍ॅल्युमिनियम असतं. कॉस्टिक वापरायचाच तर फक्त स्टीलच्या बॅफलला, आधी बादलीत थंड पाणी, मग त्यात कॉस्टिक थोडा थोडा. उलटं केलं तर उकळून तोंडावर येतो. गॉगल आणि कोपरापर्यंतचे रबरी ग्लोव्हज. अंगावर उडाला तर लिंबू-व्हिनेगर लावत बसू नका, कपडा काढा आणि नळाखाली १५-२० मिनिटं धरा, डोळ्यात गेला तर तसंच धूत धूत डॉक्टरकडे. आणि ते काळं पाणी गिऱ्हाइकाच्या मोरीत ओतायचं नाही, तेल पुढे पाईपमध्ये जाऊन गोठतं आणि दहा दिवसांनी खालच्या मजल्यावरचे वर येतात. घट्ट चिकटा पत्र्याच्या तुकड्याने खरवडून आधी कागदात घ्या. त्या पत्र्याच्या कडांनी बोटं कापतात, चिमणीच्या बॉडीच्या आतल्या कडांनी तर फारच.

ब्लोअरचा पंखा काढताना मार्करने खूण करा कुठे बसला होता. बऱ्याच मोटरींवर त्याचा नट उलट्या आट्याचा असतो, सरळ जोर लावाल तर अजून आवळेल आणि प्लास्टिकची टोपी तुटेल. पंख्याच्या पात्यांवर कुठे एखादी छोटी लोखंडी क्लिप दिसली तर ती कचरा नाही, बॅलन्सचं वजन आहे, काढू नका. "साफ केल्यावर थरथरतेय" अशा कम्प्लेंटी बहुतेक इथूनच येतात. पंख्याच्या एका बाजूला चिकटा राहिला तरी तेच होतं. मोटरमध्ये पाणी नाही, स्प्रे नाही, कोरडा ब्रश आणि फडकं.

मग पार्ट्स. पितृपक्षाच्या आधी एकदा लोहार चाळीत, मुंबईतल्या इलेक्ट्रिक मालाच्या बाजारात, जाऊन या, एक दिवस जातो पण महिना सुटतो. कॅपॅसिटर वेगवेगळ्या एमएफडीचे (मायक्रोफॅरड, म्हणजे क्षमतेचे) ठेवा आणि मोटरच्या स्टिकरवर जेवढा लिहिलाय तेवढाच लावा, मोठा लावला की जोरात फिरेल हा गैरसमज आहे, मोटर तापून जाते. बल्ब, तेलाच्या वाट्या, सहा इंची डक्ट, क्लॅम्प, अ‍ॅल्युमिनियम टेप. टच पॅनल साठवू नका, मॉडेलगणिक वेगळे, पैसे अडकतात. मी दोन घेऊन ठेवलेत, कोणाला लागले तर सांगा.

डक्टकडे मात्र नक्की बघा. निम्म्या "खेचत नाही" कम्प्लेंटी मोटरच्या नसतातच. कुठे सहा इंची पाईप भिंतीतल्या चार इंची भोकात कोंबलेला, कुठे तीन-तीन वळणं, आणि आपल्याकडे कबुतरं! बाहेरच्या तोंडाला झडप किंवा जाळी नसेल तर आत घरटं, पिसं, काटक्या. एकदा वाघबीळला एका टॉवरमध्ये अठराव्या मजल्यावर डक्ट सोडवला तर आतून दोन अंडी निघाली. काकू म्हणाल्या, "अरे, आता हे कुठे ठेवू, पाप लागेल." मी म्हटलं, "काकू, तुम्ही ठरवा, मी पंधरा दिवसांनी येतो." गेलोही. बाहेरची झडप बसवायला खिडकीबाहेर कोणी वाकायचं नाही पण, आतून होत असेल तर करा, नाहीतर सोसायटीच्या बाहेरच्या कामवाल्याला बोलवा.

ऑटोक्लीनवाले एक वेगळंच. "आमची ऑटोक्लीन आहे, सर्व्हिस लागत नाही" असं म्हणणाऱ्याशी वाद घालू नका. त्यांना वाटी काढायला सांगा, ती काठोकाठ भरलेली असते. हीटर तेल पातळ करतो आणि वाटीत सोडतो, डक्टमधलं तिथेच राहतं. वाटी रिकामी करायला शिकवून या, फुकट. तोच माणूस डिसेंबरमध्ये फोन करतो.

रेट सप्टेंबरमध्ये ठरवा आणि दिवाळीपर्यंत तोच ठेवा. माझा रेट इथे लिहीत नाही, लिहिला की गिऱ्हाईक स्क्रीनशॉट दाखवतं. पण साधी सफाई, डीप क्लीन आणि पार्ट्स असे तीन वेगळे सांगा, पार्ट लागला तर आधी फोटो आणि किंमत पाठवा, हो आल्यावरच लावा. शेवटच्या आठवड्याची बुकिंग यूपीआयवर थोडा टोकन घेतल्याशिवाय धरू नका, लोक तिघांना सांगून ठेवतात, जो आधी येईल त्याचा.

खंडेनवमीला हत्यारं पुजायला काढता ना, तेव्हाच सगळं मोजून घ्या. आम्ही चादर टाकून पाने, ड्रायव्हर, शिडी, स्टीमर सगळं मांडतो, झेंडूची फुलं वाहायच्या आधी वायरी तपासतो, कुठे सोललेली असेल तर टेप नाही, वायरच बदलायची, ओल्या हातांनी काम असतं. गेल्या वर्षी त्या पूजेत स्टीमरचा पाईप फाटलेला सापडला. दसऱ्याला दुकानं उघडी होती म्हणून वाचलो, नाहीतर दुसरी लाट अर्ध्या हत्यारांवर काढावी लागली असती.

आणि धनत्रयोदशीपासून नवीन काम घेऊ नका. त्या तीन-चार दिवसांत घरात रांगोळी, पाहुणे, तळण चालू, शेगडी कोणी सोडत नाही, तुम्ही घाईत करता आणि क्लॅम्प सैल राहतो. एक जोडी फक्त कम्प्लेंटींसाठी मोकळी ठेवा, कॉल नाही आला तर पोरांना घरी जाऊ दे. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फोन चालू करून बसा, नऊच्या आत पहिला टपकणाऱ्या तेलाचा येतो.