कॅलिफोर्नियात हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचं क्रेडिट: ड्युअल एनरोलमेंट कसं करायचं

कॅलिफोर्नियातल्या हायस्कूलच्या मुलांना कम्युनिटी कॉलेजात जाऊन कॉलेजचे नेहमीचे कोर्स करता येतात. वर्गात शेजारी वीस-पंचवीस वर्षांचे विद्यार्थी असतात आणि पेपर सगळ्यांना एकच असतो. मिळालेली ग्रेड कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर (अधिकृत गुणपत्रकावर) कायमची नोंदली जाते. राज्यात अशी ११६ कॉलेजं आहेत. फ्रीमाँटमध्ये ओलोनी, क्युपर्टिनोत डी अँझा, लिव्हरमोरला लास पोझितास, अर्व्हाइनमध्ये अर्व्हाइन व्हॅली, म्हणजे मराठी कुटुंबं जिथे जास्त आहेत तिथे एखादं तरी कॉलेज हाकेच्या अंतरावर सापडतं.

महाराष्ट्रात शिकलेल्या पालकांनी दोन गोष्टी आधीच मनातून काढाव्यात. आपल्याकडच्या अकरावी-बारावीच्या ज्युनिअर कॉलेजशी याचा काही संबंध नाही. हा पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम आहे. आणि इथे एटीकेटी नाही. नापास झालेला कोर्स मर्यादित वेळा पुन्हा करता येतो आणि कॉलेजच्या जीपीएत (ग्रेडच्या सरासरीत) नवी ग्रेड धरली जाते, पण जुना एफ ट्रान्सक्रिप्टवर दिसत राहतो. पुढे मेडिकलला जायचं झालं तर तिथला सामाईक अर्ज हायस्कूलमध्ये असताना केलेले कॉलेजचे कोर्सही जीपीएत मोजतो. नववीतल्या उन्हाळ्यात हौसेने घेतलेल्या केमिस्ट्रीतला सी बावीसाव्या वर्षी समोर येतो, तो असा. म्हणून थोडे कोर्स घ्यावेत, विचार करून घ्यावेत, आणि झेपेल तेव्हाच घ्यावेत.

कोर्स निवडण्याआधी

हे क्रेडिट नेमकं कुठे वापरायचं आहे, हे पहिल्यांदा ठरवा. शक्यता तीन असतात: हायस्कूलच्या डिप्लोमासाठी, यूसी किंवा सीएसयू या राज्याच्या दोन सरकारी विद्यापीठ-समूहांच्या प्रवेशाला लागणाऱ्या 'ए-जी' विषयांसाठी, किंवा पुढच्या पदवीत वजा होण्यासाठी. एकच कोर्स तिन्हीकडे चालू शकतो, पण ते आपोआप होत नाही. प्रत्येक ठिकाणी वेगळं विचारावं लागतं.

यूसीच्या हिशोबात ट्रान्सफरेबल (विद्यापीठात मान्य) असलेला ३ सेमिस्टर युनिटचा (किंवा ४ क्वार्टर युनिटचा) कोर्स हायस्कूलच्या एका वर्षाच्या विषयाइतका धरला जातो. ग्रेड सी किंवा वर हवी. असा कोर्स ऑनर्सच्या (जास्त कठीण पातळीच्या) वर्गाच्या बरोबरीचा समजतात, त्यामुळे ए ला ४ ऐवजी ५ गुण मिळतात. मात्र अशा जादा गुणांना एकूण मर्यादा आहे. पास/नो पास हा पर्याय ए-जी साठी घेऊ नका, अक्षरातलीच ग्रेड घ्या.

कोर्स ट्रान्सफरेबल आहे की नाही हे 'असिस्ट डॉट ऑर्ग' या अधिकृत साइटवर तपासता येतं. कॉलेज, वर्ष आणि विद्यापीठ निवडलं की कुठला कोर्स कशाच्या बदल्यात चालतो ते दिसतं. हे काम मुलांकडूनच करून घ्या, पंधरा मिनिटांत होतं. २०२५ च्या फॉलपासून काही मूलभूत कोर्सेसना राज्यभर एकच क्रमांक मिळाला आहे. उदाहरणार्थ इंग्रजी लेखनाचा 'इंग्लिश सी१०००', मानसशास्त्राचा 'साय्क सी१०००', संख्याशास्त्राचा 'स्टॅट सी१०००'. त्यामुळे दोन कॉलेजांमधला गोंधळ बराच कमी झाला आहे. जुन्या यादीतला क्रमांक घेऊन शोधायला बसलात तर मात्र कोर्स सापडणार नाही.

दोन सापळे नेहमीचे आहेत. एक, एपी (हायस्कूलमध्येच होणारा कॉलेजच्या पातळीचा कोर्स आणि परीक्षा) आणि कॉलेजचा तोच कोर्स. एपी सायकॉलॉजीत चांगले मार्क असतील आणि वर कॉलेजचा सायकॉलॉजीचा कोर्सही केला, तर यूसी क्रेडिट एकदाच देते. दुसरा, खाजगी विद्यापीठं. हायस्कूलच्या डिप्लोमासाठी वापरलेला कोर्स त्यांच्यापैकी अनेक जण पदवीत धरत नाहीत. मूल तिकडे जाणार असेल तर कोर्सचा उपयोग अर्जात अभ्यासाची तयारी दिसण्यापुरता समजावा, फी वाचेल अशी आशा ठेवू नये.

युनिट फार झाले तर मूल ट्रान्सफर विद्यार्थी (दुसऱ्या कॉलेजातून बदली घेऊन येणारा) ठरेल, ही भीती बऱ्याच घरांत असते. यूसीत तसं होत नाही. हायस्कूल संपण्याआधी कितीही युनिट केले तरी अर्ज फ्रेशमनचाच (पहिल्या वर्षाच्या नव्या विद्यार्थ्याचाच) राहतो.

कोणत्या मार्गाने

मार्ग दोन आहेत. काही हायस्कूल आणि कॉलेजांचा आपसात करार असतो, त्याला 'सीकॅप' म्हणतात. कोर्स बहुधा हायस्कूलच्याच इमारतीत, शाळेच्या वेळात होतो. फी लागत नाही, पुस्तकंही मिळतात, सत्राला १५ युनिटपर्यंत घेता येतात आणि पालकांची संमती एकदाच द्यावी लागते. शाळेत हा पर्याय असेल तर सुरुवात इथूनच करावी.

नसेल तर दुसरा मार्ग: मुलाने स्वतः कॉलेजात 'स्पेशल ॲडमिट' म्हणून जायचं. इथे मर्यादा ११ युनिटची आहे. बहुतेक कॉलेजं तेवढ्यापर्यंतची ट्यूशन फी, म्हणजे युनिटमागे ४६ डॉलर, माफ करतात. ३ युनिटच्या कोर्सचे १३८ डॉलर वाचतात. ११ च्या वर गेलं की मूल पूर्णवेळ विद्यार्थी ठरतं आणि माफी जाते. आरोग्य शुल्क, पार्किंग आणि पुस्तकं यांचा खर्च वेगळा येऊ शकतो. वेळापत्रकात 'झिरो टेक्स्टबुक कॉस्ट' अशी खूण असलेला वर्ग निवडला तर पुस्तकांचा खर्च टळतो.

पुढची माहिती मुख्यतः या दुसऱ्या मार्गाची आहे, कारण अडतं ते तिथेच. इतर राज्यांचे नियम वेगळे आहेत. वॉशिंग्टनमध्ये 'रनिंग स्टार्ट' आहे, मिनेसोटात 'पीएसईओ'; तिथल्या शाळेच्या काउन्सेलरला विचारा.

अर्ज भरताना

अर्ज 'सीसीसीअप्लाय' या कम्युनिटी कॉलेजांच्या अर्जाच्या साइटवर होतो. त्याआधी 'ओपनसीसीसी'चं खातं लागतं. हे खातं मुलाचं असतं. ईमेल मुलाचा हवा, तोही शाळेने दिलेला नको, कारण शाळेच्या ईमेलवर बाहेरचे मेल अनेकदा अडवले जातात. घाईत आई-बाबा आपला ईमेल, कधी कधी चक्क आपली जन्मतारीख टाकतात. मग दुरुस्तीसाठी कॉलेजला ओळखपत्र पाठवत बसावं लागतं.

नावाच्या रकान्यात आपल्या लोकांची हमखास चूक होते. पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं असतं, शाळेच्या नोंदीत ते नसतं, आणि काहींच्या पासपोर्टवर तर पहिलं व मधलं नाव एकाच रकान्यात असतं. अर्जात एक, शाळेच्या फॉर्मवर दुसरं असं झालं की कॉलेजची यंत्रणा दोन्ही कागद जुळवू शकत नाही आणि अर्ज नुसता पडून राहतो. शाळेच्या ट्रान्सक्रिप्टवर जसं नाव आहे तसंच, अक्षर न अक्षर, सगळीकडे लिहा. चूक झाली म्हणून दुसरं खातं उघडू नका. दोन खाती झाली की गुंता वाढतो.

शिक्षणाच्या स्थितीच्या प्रश्नात 'हायस्कूल आणि कॉलेज एकाच वेळी' अशा अर्थाचा पर्याय निवडायचा. इथे 'हायस्कूल पदवीधर' निवडलं गेलं तर मूल साधा विद्यार्थी म्हणून नोंदलं जातं आणि फीची माफी लागत नाही. सत्र नीट निवडा: समर, फॉल, स्प्रिंग. डी अँझा आणि फूटहिल क्वार्टर पद्धतीची आहेत, तिथे विंटरही असतं.

सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर नाही असं सांगता येतं, अर्ज त्यावाचून अडत नाही. एच-४ वर (एच-१बी व्हिसाधारकाच्या कुटुंबाच्या व्हिसावर) असलेल्या मुलांना शिकायला परवानगी आहे आणि त्यांना कॅलिफोर्नियाचं रहिवासित्वही सिद्ध करता येतं. अल्पवयीन मुलाचं रहिवासित्व पालकांवरून ठरतं, म्हणून वर्षभराहून जास्त राहिल्याचे पुरावे (भाडेकरार, राज्याचा टॅक्स रिटर्न) आणि आय-९४ (अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद) तयार ठेवा. ही नोंद चुकली तर परराज्यातल्या विद्यार्थ्याची फी लागू शकते, आणि ती युनिटमागे काही शे डॉलर असते. असं बिल दिसलं तर भरू नका. आधी ॲडमिशन ऑफिसात जाऊन वर्गीकरण दुरुस्त करून घ्या.

खोट्या अर्जांचा सुळसुळाट झाल्यामुळे कॉलेजं ओळख पडताळतात. म्हणून अर्ज पाठवल्यावर आठवडाभर स्पॅम फोल्डरही बघा. विद्यार्थी क्रमांक आला की पोर्टल लगेच सुरू करा.

सही: सगळ्यात जास्त इथेच अडतं

स्पेशल ॲडमिटसाठी वेगळा फॉर्म असतो. त्यावर विद्यार्थी, पालक आणि हायस्कूलचे काउन्सेलर किंवा मुख्याध्यापक यांच्या सह्या लागतात. बहुतेक कॉलेजांत तो दर सत्राला नव्याने भरावा लागतो. फॉलची नोंदणी साधारण वसंतात उघडते, पण घरात विषय निघतो जुलैत, आणि तेव्हा काउन्सेलर सुट्टीवर असतात. समर आणि फॉल दोन्हींचे फॉर्म शाळा बंद होण्यापूर्वी, शक्यतो एप्रिलमध्ये, सही करून घ्या. समरचं आणखी एक कारण आहे: कायद्याने मुख्याध्यापकांना एका इयत्तेतल्या ५ टक्क्यांपर्यंतच मुलांची समरसाठी शिफारस करता येते (काही कोर्सेसना सूट आहे). उशिरा गेलात तर कोटा संपलेला असू शकतो.

फॉर्मवर एक कोर्स लिहून थांबू नका. चार-पाच पर्याय लिहा. ज्या कोर्सचं नाव फॉर्मवर नाही त्यात नोंदणी होऊ देत नाहीत, आणि पहिली पसंती भरलेली असण्याची शक्यता मोठी असते.

त्याच भेटीत काउन्सेलरला विचारा: हा कोर्स हायस्कूलच्या ट्रान्सक्रिप्टवर येईल का, किती क्रेडिट मिळेल (३ युनिटला १० हायस्कूल क्रेडिट हे प्रमाण सर्रास दिसतं), आणि जीपीएत जादा गुण धरतील का. उत्तर ईमेलवर घ्या. काही शाळा पूर्वमंजुरी नसेल तर नंतर काहीच मान्य करत नाहीत.

जागा मिळवणं

सीकॅपशिवाय स्वतः आलेल्या हायस्कूलच्या मुलांचा नोंदणीत नंबर शेवटी लागतो. सकाळचे आणि ऑनलाइन वर्ग तोवर भरतात. पोर्टलवर दिसणारी तारीख आणि वेळ लिहून ठेवा आणि त्या मिनिटाला मुलाला लॅपटॉपसमोर बसवा. वेटलिस्ट मिळाली तर सोडू नका. पहिल्या आठवड्यात बरेच जण गळतात. पहिल्या तासाला हजर राहून प्राध्यापकांकडे ॲड कोड (वर्गात नाव घालण्याच्या परवानगीचा क्रमांक) मागायचा. ऑनलाइन वर्ग असेल तर पहिल्याच दिवशी नम्र, छोटा ईमेल: नाव, विद्यार्थी क्रमांक, वर्गाचा क्रमांक, वेटलिस्टवरचं स्थान.

प्रिरिक्विझिट (आधी पूर्ण करावा लागणारा कोर्स) असलेल्या कोर्ससाठी आधी मंजुरी लागते. कॅल्क्युलस हवं असेल तर प्रीकॅल्क्युलसची ग्रेड दाखवणारं हायस्कूलचं ट्रान्सक्रिप्ट कॉलेजला पाठवावं लागतं आणि त्याला दिवस लागतात. नोंदणीच्या दिवशी 'प्रिरिक्विझिट नॉट मेट' असा लाल संदेश आला की त्या दिवशी काहीच करता येत नाही. दोन-तीन आठवडे आधी पाठवा.

नोंदणी झाल्यावर पहिल्या दिवशी कॅनव्हासमध्ये (कॉलेजच्या ऑनलाइन अभ्यासाच्या साइटवर) शिरून तिथलं पहिलं काम करणं अत्यावश्यक आहे. ऑनलाइन वर्गात जो दिसत नाही त्याचं नाव काढून टाकतात.

किती झेपेल

एका युनिटमागे सत्रभरात किमान ४८ तासांचं काम धरलेलं असतं, वर्ग आणि घरचा अभ्यास मिळून. म्हणजे ३ युनिटला १४४ तास. १६ आठवड्यांच्या सत्रात ते आठवड्याला ९ तास होतात. ६ आठवड्यांच्या समरमध्ये २४. समरमध्ये तीन आठवडे भारतात जायचा बेत असेल तर कोर्स घेऊ नका. विमानतळावरून क्विझ देऊन हे निभत नाही.

पहिला कोर्स दहावीच्या आसपास, एकच, आणि लिहा-वाचायची सवय लावणारा असावा: समाजशास्त्र, मानसशास्त्र, संवादकौशल्य. गणितात कितीही हुशार असलं तरी पहिल्याच समरला कॅल्क्युलस देऊ नये असं आमचं ठाम मत आहे. पदवीचा पायाच त्यावर उभा राहतो आणि सहा आठवड्यांत तो कच्चा राहतो.

सोडायचं असेल तर

सत्राचा साधारण २० टक्के भाग झाला की 'सेन्सस' (विद्यार्थी मोजायचा दिवस) येतो. त्याआधी ड्रॉप केलं तर ट्रान्सक्रिप्टवर खूण उमटत नाही. नंतर ७५ टक्क्यांपर्यंत सोडलं तर डब्ल्यू (कोर्स सोडल्याची खूण) लागतो. त्यापुढे मिळेल ती ग्रेड. समरमध्ये सेन्सस दुसऱ्या आठवड्यातच येऊन जातो, म्हणून पहिली परीक्षा त्याआधी आहे का ते बघून ठेवा. वर्गाला जाणं थांबवलं म्हणजे कोर्स सुटत नाही, पोर्टलवर ड्रॉपचं बटण दाबावं लागतं. न दाबल्यामुळे आलेले एफ बरेच दिसतात. डब्ल्यू आणि एफ दोन्ही पुढे आर्थिक मदतीच्या प्रगतीच्या निकषात मोजले जातात.

पालकांची मर्यादा

कॉलेजात नाव नोंदवलं की वय काहीही असो, तिथल्या नोंदींवर हक्क विद्यार्थ्याचा असतो. फेर्पा हा १९७४ चा केंद्रीय कायदा तसं सांगतो. त्यामुळे प्राध्यापक तुमच्याशी ग्रेडबद्दल बोलणार नाहीत. मुलाच्या खात्यातून मुलाच्या नावाने तुम्ही मेल लिहू नका. भाषेवरून लगेच कळतं. सुरुवातीलाच मुलाशी ठरवा की दर रविवारी कॅनव्हास एकत्र बघायचं. हायस्कूलचा ५०४ किंवा आयईपी (अपंगत्व किंवा शिकण्यातल्या अडचणींसाठीचा सवलतींचा आराखडा) कॉलेजात लागू होत नाही. जादा वेळ वगैरे सवलत हवी असेल तर विद्यार्थ्याने स्वतः डीएसपीएस (अशा विद्यार्थ्यांना मदत करणाऱ्या) कार्यालयात अर्ज करायचा, सत्र सुरू होण्यापूर्वी.

शेवटचे कागद

ग्रेड आली की कॉलेजचं ट्रान्सक्रिप्ट हायस्कूलला पाठवायला सांगा. ते आपोआप जात नाही. बारावीत यूसीचा अर्ज भरताना केलेला प्रत्येक कॉलेज कोर्स लिहावा लागतो, डब्ल्यू आणि एफ सकट. लपवलेलं उघडकीला आलं तर मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो. प्रवेश घेतल्यावर ज्या ज्या कॉलेजात एक तरी कोर्स केला त्या प्रत्येकाचं अधिकृत ट्रान्सक्रिप्ट १ जुलैपर्यंत यूसीला द्यावं लागतं. हायस्कूलच्या ट्रान्सक्रिप्टवर तो कोर्स दिसत असला तरी ते पुरत नाही. स्प्रिंगच्या शेवटच्या ग्रेड नोंदल्या गेल्याशिवाय मागणी करू नका. अर्धवट ट्रान्सक्रिप्ट गेलं तर पुन्हा मागवावं लागतं.